गिनीपिगची शू लाल-केशरी दिसतेय? टॉवेलवरच्या डागावरून काही ठरवू नका

सकाळी पिंजऱ्यातला पांढरा टॉवेल बदलायला घ्यावा आणि त्यावर विटकरी रंगाचे डाग दिसावेत, असं आमच्या नौपाड्याच्या घरात गेल्या चार वर्षांत सहा-सात वेळा झालंय. घरात दोन गिनीपिग आहेत. चिंगी साडेचार वर्षांची, आणि लाडू तिच्याहून वर्षाने लहान, नसबंदी झालेला. डाग दिसला की लेकीचा पहिला प्रश्न ठरलेला: "आई, रक्त आहे का गं?" उत्तर मात्र दर वेळी निराळं निघालं. दोनदा बीट होतं. एकदा पाण्याची बाटली अडकली होती. दोनदा काहीच नव्हतं, नुसता हवेने बदललेला रंग. आणि एकदा खरंच रक्त होतं, मूत्राशयातल्या खड्यामुळे. त्या वेळी मी तीन दिवस वाया घालवले, कारण आधीच्या बिटाने मला निर्धास्त केलं होतं. ते तीन दिवस दुसऱ्या कुणाच्या चिंगीच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

डाग जुना असतो

रात्री पडलेली शू आपण सकाळी बघतो. तोवर तिला सहा-आठ तास झालेले असतात. गिनीपिगच्या लघवीत पाल्यातून आलेली रंगद्रव्यं असतात, शिवाय पोर्फिरिन नावाचे पदार्थही असतात. हवा लागली की हळूहळू त्यांचा रंग बदलतो. पडताना पिवळी असलेली लघवी तासा-दोन तासांत केशरी, मग गंजासारखी तांबूस होऊ शकते. सगळ्यांच्यात होतं असं नाही, रोज होतं असंही नाही. एकाच पिंजऱ्यात, एकच पाला खाणाऱ्या दोघांपैकी एकाचाच डाग तांबूस पडतो, हे मी घरी पाहिलंय.

त्यामुळे डाग दिसल्यावर पहिलं काम म्हणजे ताजी शू मिळवणं. मी त्यासाठी कपडे भिजवायचा पसरट पांढरा टब वापरते. तो धुऊन, कोरडा पुसून घ्यायचा, खाली काही अंथरायचं नाही, आणि एका वेळी एकालाच ठेवायचं. सोबत काकडीची चकती द्यायची. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत काम होतं. दोघांना एकत्र ठेवलंत तर कोणाची शू हे कळणार नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

शू पडली की लगेच उजेडात बघा. पिवळी असेल, फिकट किंवा गडद, थोडी गढूळ असेल, तर निम्मी काळजी तिथेच मिटली. उरलेल्या खात्रीसाठी सुई नसलेल्या सिरिंजने ती उचलून पांढऱ्या बशीत घ्या आणि बशी बाजूला ठेवून द्या. दुपारपर्यंत बशीतच ती केशरी झाली, तर सकाळच्या डागाचं कारण तुमच्या डोळ्यांसमोर आहे.

गढूळपणाबद्दल दोन शब्द, कारण नव्याने पाळणारे त्यालाच घाबरतात. गिनीपिगचं आतडं खाण्यातलं कॅल्शियम जवळजवळ जेवढं मिळेल तेवढं शोषून घेतं आणि शरीराला नको असलेलं मूत्रपिंडं बाहेर टाकतात. त्यांची लघवी अल्कधर्मी असते, साधारण ८ ते ९ पीएच, आणि अशा लघवीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण तयार होतात. म्हणून ती गढूळ दिसते आणि वाळली की पांढरी पावडर उरते. ही पावडर चिमटीत घेऊन चोळून बघा. टाल्कम पावडरसारखी गुळगुळीत लागली तर ठीक. रव्यासारखी किंवा वाळूसारखी खरखरीत लागली, किंवा शू दाट, चुन्याच्या निवळीच्या तळासारखी पडत असेल, तर मूत्राशयात गाळ साठतोय असं समजून डॉक्टरांकडे जायला हवं. त्यात लाल रंग मुळीच नसला तरीही.

बीट, लाल माठ आणि माझी चूक

बीट खाल्लं की शू गुलाबी-लाल होते हे बहुतेकांना माहीत असतं. बिटात जी लाल रंगद्रव्यं आहेत त्याच कुळातली लाल माठातही असतात, म्हणून मी दोन्हींकडे एकाच नजरेने बघते. गाजर आणि पालक यांनीही रंग गडद होतो. पडताळा सोपा आहे: संशय असलेली भाजी दोन दिवस बंद करायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. एकाच वेळी तीन भाज्या बंद केल्या तर नेमकं कारण कळत नाही, आणि अचानक खाणं बदललं की पोटही बिघडतं. भाजीचा रंग असेल तर एक-दोन दिवसांत जायला हवा.

माझी चूक अशी झाली. गेल्या वर्षी मार्चमध्ये चिंगीच्या टॉवेलवर गुलाबी डाग दिसले. आदल्या दिवशी कोशिंबिरीच्या बिटाची सालं तिला दिली होती. मी म्हटलं, बीटच. दुसऱ्या दिवशी बीट दिलं नाही, तरी डाग होते. मी म्हटलं, कालचं असेल. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, ती शू करताना ओरडते." मी टबात ठेवून बघितलं. शू पिवळीच होती, पण शेवटचे दोन थेंब लालबुंद, आणि त्या वेळी तिची पाठ कमानीसारखी वर आलेली. ती कुंथत होती. ते ओरडणं तीन दिवस माझ्या कानावर पडलं असणार. भाजीची पिशवी वाजली की ती शिट्टीसारखं ओरडते, तसंच काहीसं असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. नंतर कळलं, दुखण्याचं ओरडणं आखूड आणि चिरकं असतं आणि ते शू किंवा लेंडी टाकतानाच येतं.

म्हणजे रंगापेक्षा मोठी खूण वागण्यात आहे. कुंथणं, पाठ वर काढून बसणं, थेंब-थेंब शू होणं, मागचा भाग सतत ओला राहणं, अंग फुगवून कोपऱ्यात बसणं, हातात दिलेली ढोबळी मिरचीसुद्धा न घेणं. यातलं एक जरी दिसलं तरी दोन दिवस भाजी बंद करून बघण्याच्या फंदात पडू नका. मोबाइलवर शू करतानाचा व्हिडिओ काढा आणि निघा. आमच्या डॉक्टरांना माझ्या अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा त्या वीस सेकंदांच्या व्हिडिओतून जास्त कळलं.

रक्त आहे की नाही, घरी कसं बघायचं

दोन गोष्टी करता येतात आणि दोन्हींना मर्यादा आहेत.

औषधाच्या दुकानात जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. बशीतल्या शूवर किंवा ताज्या डागावर त्याचे दोन थेंब टाकले आणि पांढरा फेस आला, तर रक्त असण्याची शक्यता आहे. रक्तातलं कॅटालेज हे विकर पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन मोकळा करतं, त्याचा तो फेस. पण लेंडी, भाजीचे तुकडे किंवा जंतू असलेल्या मळक्या कापडावरही फेस येतो. म्हणून स्वच्छ बशीतल्या शूवरच करा, आणि प्राण्यापासून लांब. त्याच्या अंगाला किंवा तोंडाला ते लागता कामा नये.

दुसरी म्हणजे माणसांच्या लघवी तपासणीच्या पट्ट्या. त्यांचा रक्ताचा चौकोन उपयोगी आहे. प्रथिनांचा चौकोन मात्र अल्कधर्मी लघवीत उगाचच रंग बदलतो. तो पाहून किडनी बिघडली असा निष्कर्ष काढून रात्र जागू नका. माझी एक जागून झालीय. मादीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पट्टीने रक्त दाखवलं तरी ते मूत्राशयातलं की गर्भाशयातलं हे तिला कळत नाही.

मादी, नर आणि तातडी

नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तशा अंडाशयाच्या गाठी फार आढळतात, गर्भाशयाच्या गाठीही होतात. त्यातून आलेलं रक्त शूत मिसळलेलं दिसतं, आणि काही वेळा शूशी संबंध नसताना टॉवेलवर वेगळा लाल ठिपका पडतो. दोन्ही कुशींवरचे केस विरळ होत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, अंडाशयाच्या गाठींची ती एक खूण आहे. दुकानातून "दोन्ही माद्याच आहेत" म्हणून आणलेल्या जोडीत एक नर निघणं काही दुर्मीळ नाही. गिनीपिगचं गाभणपण ५९ ते ७२ दिवसांचं असतं आणि केसाळ अंगात ते बराच काळ लपतं. मादी गाभण असण्याची जरा जरी शक्यता असेल आणि रक्त दिसलं, तर ते काम त्याच दिवसाचं.

माद्यांना मूत्राशयाचा संसर्ग जास्त होतो. त्यांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने लहानसा खडा आपोआप पडूनही जातो. नरात तो अडकतो. नर कुंथतोय आणि शू येतच नाही, म्हणजे सकाळची वाट बघायची नाही, रात्रीचा दवाखाना शोधायचा. नराच्या खालून कधी पांढरा, रबरासारखा लांबट तुकडा पडलेला दिसतो. तो वीर्याचा घट्ट झालेला भाग असतो, खडा नव्हे. लाडूच्या बाबतीत मी तो कागदात गुंडाळून दवाखान्यात नेला होता.

पुन्हा पुन्हा का होतं

चिंगीच्या एक्स-रेमध्ये खडा स्वच्छ दिसला, तुरीच्या डाळीएवढा. गिनीपिगचे खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, म्हणून ते एक्स-रेत पांढरेशुभ्र दिसतात. डॉक्टरांनी विचारलं, "चारा कुठला देता?" मी अभिमानाने म्हटलं, "रोज ताजी लसूणघास." ते क्षणभर थांबले. "ताई, लसूणघास म्हणजेच अल्फाल्फा."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मोठ्या गिनीपिगला अल्फाल्फा देऊ नये, त्यात कॅल्शियम फार असतं, हे मी वीस ठिकाणी वाचलं होतं. अल्फाल्फाचं पाकीट कधी घरात आणलं नव्हतं. आणि दुसरीकडे तबेल्याजवळच्या चारावाल्याकडून दिवसाआड हिरवीगार जुडी आणत होते, कारण ती स्वस्त, ताजी आणि चिंगीची लाडकी. म्हशींना घालतात ती लसूणघास, काही जण नुसतं "घास" म्हणतात, काही दुकानांत लुसर्न म्हणतात. तीन नावं, वनस्पती एकच. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ती चालते. सहा महिन्यांच्या पुढच्या प्राण्याचा रोजचा चारा म्हणून नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी आज लसूणघास देत असेल तर कृपा करून आजच चारा बदलायला घ्या. फक्त एकदम नाही, आठवडाभर दुसरं गवत मिसळत मिसळत.

नुसत्या चाऱ्यानेच खडा होतो असंही नाही. त्याच चाऱ्यावर लाडूला काही झालं नाही. पाणी कमी पिणं, बैठं आयुष्य, जुना संसर्ग, अंगाची ठेवण, सगळं त्यात येतं. कॅल्शियम पूर्ण तोडणंही चुकीचं, हाडांना आणि दातांना ते लागतंच.

आता आमच्याकडे मुख्य खाणं वाळलेलं टिमोथी गवत, तेही अमर्याद. सोबत हरळी. दूर्वांच्या जुड्या फुलवाल्यांकडे वर्षभर मिळतात, पण त्या कुठून तोडल्यात, काय फवारलंय हे माहीत नसतं, म्हणून मी दोन-तीन पाण्यांतून धुते आणि गॅलरीतल्या कुंडीतही हरळी वाढवलीय. सोसायटीच्या बागेतलं गवत मी घेत नाही, तिथे कुत्रे फिरतात आणि पेस्ट कंट्रोलही होतं.

जांभळी नाक्याच्या मंडईत पालेभाजी बघून हात शिवशिवतो. मेथी, शेपू, माठ, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला. यातल्या बहुतेकांत कॅल्शियम भरपूर आहे, शेवग्याच्या पाल्यात तर फारच. पालकात ऑक्झलेटही असतं, म्हणजे कॅल्शियमशी जुळून खडे बनवू शकणारा पदार्थ. मी हे आलटून पालटून, आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी, चार पानं देते. रोजच्या ताटात ढोबळी मिरची, काकडी आणि थोडी कोथिंबीर. ढोबळी मिरचीवर माझा जीव आहे, कारण तिच्यात क जीवनसत्त्व भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी.

क जीवनसत्त्वाचा इथे थेट संबंध आहे. माणसासारखंच गिनीपिगलाही ते शरीरात तयार करता येत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख यांना स्कर्व्हीचा अभ्यास करायला प्राणी सापडला तो हाच. ते कमी पडलं की रक्तवाहिन्या नाजूक होतात, हिरड्या-सांधे दुखतात, रक्तस्राव होतो, जखम आणि संसर्ग लवकर बरे होत नाहीत. निरोगी प्राण्याला रोज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. पेलेटच्या, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या दाणेदार खाद्याच्या, पाकिटावर ते लिहिलेलं असतं, पण उष्णता, उजेड आणि दमटपणाने ते झपाट्याने कमी होतं. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत उघडं पाकीट कपाटात ठेवणं म्हणजे ते घालवणंच. मी छोटं पाकीट आणते आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. पाण्याच्या बाटलीत क जीवनसत्त्वाचे थेंब टाकण्याचा सल्ला मिळतो, तो मी सोडून दिला. पाण्यात ते टिकत नाही, आणि चव बदलली की प्राणी पाणीच कमी पितो. आपल्याला नेमकं तेच नको आहे.

पाणी

बाटली अडकल्याचा प्रसंग मे महिन्यातला. दोघांचीही शू गडद केशरी, थोडीशीच आणि उग्र वासाची. बाटलीत पाणी होतं, म्हणून मी तिकडे लक्षच दिलं नाही. संध्याकाळी बोट लावून बघितलं तर नळीतली गोळी हलतच नव्हती, तिच्यावर पांढरा थर बसला होता. त्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीत टँकर येत होता. घोडबंदर रोडला राहणाऱ्या मैत्रिणीकडे हे नेहमीचंच आहे. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तर नळीत क्षार लवकर साठतात. तेव्हापासून मी रोज सकाळी बोटाने गोळी दाबून बघते, आठवड्यातून एकदा नळी पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवून स्वच्छ धुते, आणि बाटलीवर पेनाने रेघ मारते. रेघ उतरली नाही तर कारण शोधते. जोडीला जड मातीच्या वाटीतही पाणी ठेवते. दोघांनाही बाटलीपेक्षा ती वाटीच आवडते.

गिनीपिग साधारण किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटर पाणी पितो. ओला पाला भरपूर खाणारा कमी पितो, म्हणून आकड्यापेक्षा आपल्या प्राण्याची नेहमीची सवय ओळखा. मी काकडी आणि पाला ओलाच देते, धुऊन न झटकता. ठाण्याचा मे आणि ऑक्टोबर त्यांना सोसत नाही. २७-२८ अंशांच्या वर ते हैराण होतात, आणि त्यात आपल्याकडची दमट हवा. पिंजरा खिडकीच्या उन्हात नको, गॅलरीत तर नकोच.

दवाखान्यात जाताना

आधी फोन करून विचारा, गिनीपिग बघता का. कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टरही हा प्राणी नेहमी बघत नसतात, आणि तसं स्पष्ट सांगणारे डॉक्टर चांगले असतात. अँटिबायोटिक लिहून दिलं तर नाव बघा. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन ही गिनीपिगला तोंडाने देणं घातक ठरतं. आतड्यातले उपयोगी जंतू मरून विषारी जंतू वाढतात आणि प्राणी काही दिवसांत दगावू शकतो. चिठ्ठीवर यातलं काही असेल तर तिथेच, अदबीने, "हे गिनीपिगला चालेल ना?" असं विचारायला कचरू नका. घरातल्या औषधांच्या डब्यातली वेदनाशामक गोळी तर मुळीच नाही.

नेताना उपाशी ठेवायचं नाही. उलटी होत नाही त्यांना, आणि १२ तास पोट रिकामं राहिलं तरी आतडं मंदावतं. पेटीत गवत ठेवा. जोडीदाराला सोबत न्या, दोघंही शांत राहतात. उन्हाळ्यात बर्फाची बाटली नॅपकिनमध्ये गुंडाळून पेटीच्या एका कोपऱ्यात ठेवा, म्हणजे नको असेल तेव्हा त्यांना लांब सरकता येईल. लोकलच्या गर्दीत नेऊ नका. मी सकाळी सातची वेळ मागून घेते आणि रिक्षाने जाते.

चिंगीचं ऑपरेशन झालं. वजन ८४० ग्रॅमवरून ७६० वर आलं होतं. दोन आठवडे दर तीन तासांनी सिरिंजने पातळ खाणं भरवलं, रात्रीची पाळी लेकीची. सव्वा महिन्याने ती पुन्हा ८३० वर आली. खडे पुन्हा होण्याची शक्यता राहते, म्हणून दर सहा महिन्यांनी एक्स-रे करतो. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघांचं वजन होतं आणि कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहिलं जातं: वजन, शूचा रंग, नवी भाजी.

मागच्या गुरुवारी टॉवेलवर पुन्हा विटकरी डाग होता. चिंगी टबात, काकडीची चकती, बावीस मिनिटं. शू पिवळी, गढूळ, पाठ सरळ, आवाज नाही. बशीतल्या शूवर पेरॉक्साइडचा फेस आला नाही. उरलेली शू दुसऱ्या बशीत ठेवली होती, ती दीडच्या सुमाराला केशरी झाली. बुधवारच्या चौकोनात लेकीच्या अक्षरात लिहिलेलं सापडलं: "पालक, ४ पानं". वजन ८३५.